लाल्याची खांदमळणी

मागच्या पोळ्याला कारभारींच्या घरचा मानाचा बैल साखळी बांधून तोरणाखालून ओढत नेला, ही बातमी अमडापूरच्या बाजारात गावकऱ्यांच्या आधी जाऊन बसली होती.

बैल म्हणजे ट्रॅक्टर. शेवटची जोडी विकली त्या वर्षी कारभारींनी मारुतीच्या पारावर सांगून टाकलं होतं की मान घराचा आहे, शिंगांचा नाही. घरात जे औत ओढतं ते तोरणाखालून जाईल. पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. त्यांच्याही गोठ्यांत आता मोटरसायकली उभ्या राहत होत्या.

ट्रॅक्टरचं नाव लाल्या. विकलेल्या जोडीतल्या डाव्या बैलाचं नाव हेच होतं. बैल गेला, नाव गोठ्यात शिल्लक राहिलं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून ट्रॅक्टरला दिलं. कारभारींनी तो तरुणपणी वरवट बकालच्या एका बागायतदाराकडून घेतला होता. तेव्हाच तो जुना होता. त्यानंतर घरात हा विषय कुणी काढला नाही.

लाल्या गळायचा. वरून गळायचा, बाजूने गळायचा, खालून तर गळायचाच. दिवेलागणीला कारभारींची सून कोकिळा तुळशीपुढे दिवा लावायची आणि त्याच पावली गोठ्यात जाऊन फुटक्या काठाचं घमेलं लाल्याखाली सरकवायची. सकाळी घमेल्यातलं काळं तेल ती चौकटींना आणि खाटेच्या पायांना फासायची. त्यामुळे घराला वाळवी लागली नाही. पाहुणेही फार टेकून बसले नाहीत.

मागच्या वर्षी ऐन पोळ्याच्या मिरवणुकीत लाल्याने पोटातलं पाणी पिऊन टाकलं, सायलेन्सरच्या भोकातून पांढरा धूर ओकला आणि शाळेपुढे बसला. सायलेन्सर म्हणजे नुसतं भोकच उरलं होतं, नळी गंजून केव्हाच पडली होती. मग कारभारींचा चुलत पुतण्या गुलाबराव आपला नवा ट्रॅक्टर घेऊन आला. गावाची सरपंच गुलाबरावांची बायको अनुपमा. पण तिला कुणी सरपंच म्हणत नसे, सरपंच म्हणजे गुलाबराव. त्यांनी स्वतःच्या हाताने साखळी लावली, काकांचा मान काकांनाच मिळाला पाहिजे असं मोठ्याने म्हणाले, आणि मोबाइलवाल्या पोरांना जागा करून दिली. मान मिळाला. वर पोळ्यात जोडीजोडीने म्हणतात तशी एक झडतीही मिळाली:

“मानाचा नंदी डिझेल पेते,
साखळी लावली की लगेच येते!”

गाव हर हर महादेव म्हणून मोकळं झालं. त्या दिवसापासून कारभारी पारावर बसले नव्हते. मारुतीचं दर्शन ते मागच्या गल्लीतून, चपला न काढता, रस्त्यावरूनच घ्यायचे.

यंदा श्रावण लागला आणि पारावर बैठक झाली. गुलाबरावांनी पांढरी शुभ्र खिल्लार जोडी आणली होती. तिला औत ठाऊक नव्हतं; ती पिकअपमध्ये बसून प्रदर्शनांना जायची. गुलाबराव म्हणाले, “काकाचा मान मी कायले घेऊ? पण जो आपल्या पायानं तोरणाखालून जाईन, मान त्या घराचा. कायमचा. इतकं तं बराबर हाय ना?”

“ट्रॅक्टरले पाय कुठी असते?” कुणीतरी विचारलं.

“चाकं चालतीन,” गुलाबराव उदारपणे म्हणाले.

निरोप घरी आला तेव्हा कारभारी जेवत होते. त्यांनी भाकरीचा घास ताटात ठेवला आणि मुलाला म्हणाले, “गजेंद्र, त्या रज्जाकले बलाव.”

गजेंद्र दिवसभर सोयाबीनवर फवारणी करून आला होता. खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचे वळ होते आणि डोळे झणझणत होते. तो म्हणाला, “बाबा, रज्जाकभाई उद्या येतो म्हनते आन् मंग त्याचा उद्या येत नाई.”

“मंग आजच बलाव. म्हंजे उद्या येईन.”

रज्जाकचं गॅरेज अमडापूरच्या स्टँडजवळ. हाताने कसबी आणि तोंडाने त्याहून कसबी. तो आला तेव्हा झिमझिम चालू होती. लाल्याभोवती त्याने एक फेरी मारली, खाली बोट लावून वास घेतला, आणि पुन्हा एक फेरी मारली. जणू मुलगी पाहायला आला होता आणि पसंत नव्हती.

“काकाजी,” तो म्हणाला, “हे ट्रॅक्टर नाई, हे ठिबक सिंचन हाय. फॉर्म भरला असता तं सबसिडी भेटली असती.”

“होईन का दुरुस्त, ते सांग,” कारभारी म्हणाले.

“होते ना. पॅकिंगं सारे बदलाले लागतीन. हेडचं गेलं, टॅपेट कव्हरचं गेलं, चेंबरचं गेलं. पुढचं तं नावापुरतं उरलं. सायलेन्सरबी उभा करू, धूर काऊन तोंडात घ्यायचा ड्रायव्हरनं?”

“पोयाले सोताच्या पायानं तोरणाखालून गेलं पायजे.”

“जाईन.”

“साखयी नाई लागली पायजे.”

“काकाजी, मी पॅकिंग बदलतो. बाकीचं अल्लाच्या हातात, आन् थोडं तुमच्या मारुतीच्या.”

दोन लोखंडं एकमेकांवर बसतात आणि मध्ये एक कागदासारखं काहीतरी लागतं, त्याशिवाय कितीही आवळली तरी ती गळतातच; ते पॅकिंग. दुकानदार त्याला गॅस्केट म्हणतो आणि तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे लावतो. रज्जाकने बॉनेट उतरवून भिंतीला टेकवलं, नट सैल केले, आणि “गजेंद्रभाऊ, बाकी तुमी खोला, माह्याकडं एक थ्रेशर येऊन पडला” म्हणून निघून गेला.

मग घराचे दिवस सुरू झाले. सकाळी शेत, दुपारी शेत, आणि उजेड असेपर्यंत लाल्या. गजेंद्र पाना लावायचा, पाना निसटायचा, बोटाची साल जायची. सालीखालच्या लाल मासात काळं तेल जायचं आणि तिथेच राहायचं. जेवताना तो डाव्या हाताच्या बोटांकडे पाहायचा नाही. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर काढताना उरलेलं तेल त्याच्या मानेवर आलं. कोकिळेने त्याची पाठ डिझेलच्या चिंधीने पुसली, मग साबणाने, मग राखेने. तरी रात्री अंथरुणात ट्रॅक्टर झोपल्याचा वास यायचा.

जुनं पॅकिंग खरवडायचं काम कारभारींनी घेतलं. ते गोठ्याच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसायचे, चेंबरचा पत्रा मांडीवर घ्यायचे आणि ब्लेडच्या तुकड्याने काठ खरवडायचे. जुनं पॅकिंग लोखंडाला असं धरून बसलं होतं की तेही आता लोखंडच झालं होतं. वरून त्यावर मागच्या कुण्या मिस्त्रीने लावलेलं काळं चिकट सोल्यूशन, त्याखाली त्याच्याही आधीच्या मिस्त्रीचं. कारभारी खरवडायचे, फुंकर मारायचे, अंगठा फिरवून पाहायचे. गुडघे आखडायचे. उठताना ते भिंतीला धरायचे आणि कुणी पाहत नाही ना ते पाहायचे.

“मामाजी, राहू द्या, मी करतो,” कोकिळा म्हणायची.

“तुले नाई जमत. याले हात हलका लागते.”

हे म्हणेपर्यंत ब्लेडने त्यांचा अंगठा कापलेला असायचा.

हेड म्हणजे इंजिनाचं डोकं; ते चिखलीला लेथवर घासून आणायचं होतं. रज्जाक म्हणाला होता, हेडचा तळ वाकडा असला तर नवं पॅकिंगही दोन दिवसांचं पाहुणं. गजेंद्रने हेड पोत्यात गुंडाळलं आणि मोटरसायकलवर आपल्या आणि कोकिळेच्या मध्ये ठेवलं. रस्ता म्हणजे मंजूर झालेला रस्ता, त्यामुळे जुनाही उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला ते लोखंड कोकिळेच्या मांडीत रुतायचं. ती दोन्ही हातांनी पोतं कवटाळून बसली होती.

“धरलं का नीट?” गजेंद्र पुढून ओरडायचा.

“मी कुठी सोडून राह्यली? तेच मले सोडत नाई.”

लेथवाल्याच्या दुकानात बाकड्यावर जागा नव्हती. कोकिळा पोत्याशेजारी उकिडवी बसली. लेथवाल्याने विचारलं, “कायचं हेड हाय?” गजेंद्रने सांगितलं. लेथवाला हसला नाही, हेच त्याने खूप केलं. परत येताना पोत्यातलं लोखंड आरशासारखं झालं होतं. कोकिळेने एका खड्ड्यानंतर पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. त्यात तिला आपलं तोंड दिसलं आणि तिने पोतं पुन्हा बंद केलं.

घरी आल्यावर तिने मांडी पाहिली. बोल्टाच्या भोकांचा गोल गोल ठसा काळानिळा उमटला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी रज्जाक आला. दोन दिवसांपासून त्याचं नाक गळत होतं. म्हणजे त्या गोठ्यात आता दोघे होते. त्याने नवं चकचकीत हेड पॅकिंग दोन्ही तळव्यांवर तोलून ठेवलं, हेड बसवलं आणि मधल्या नटापासून बाहेर बाहेर, एकेक करून, थोडं थोडं आवळत गेला. गजेंद्र पान्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होता. शेवटी सगळ्यात वरचं झाकण, टॅपेट कव्हर बसलं. पाणी भरलं, तेल भरलं. रज्जाकने कोकिळेकडून पावडरचा डबा मागून घेतला.

“कायले?” कोकिळेने विचारलं. डबा राखीला माहेरून आलेला होता.

“मेकअप करतो त्याचा.” रज्जाकने चिमटीने सगळ्या जोडांवर पांढरी पावडर भुरभुरली. “आता पाह्या. गळलं की पावडर ओली होते. कुठी गळलं ते चोर लगेच सापडते.”

हँडल मारलं. लाल्या खोकला, थांबला, पुन्हा खोकला आणि चालू झाला. उभ्या केलेल्या सायलेन्सरमधून धुराची गोळी वर गेली आणि गोठ्याच्या कौलांत अडकली. चौघेही कान देऊन उभे राहिले. पावडर थरथरत होती, पण कोरडी होती. गजेंद्रने खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. रोजची टपटप नव्हती; कोकिळेला क्षणभर गोठ्यातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं.

“बास. बंद करा,” रज्जाक शिंकत म्हणाला. “रातभर थंडा होऊ द्या. सकायी येतो, पावडर पाह्यतो, एक डाव नट आवळतो. तेवर कोनी हात लावू नोका.”

गजेंद्र त्याला सोडायला अमडापूरला गेला. कोकिळा पुरणाची डाळ निवडायला घरात गेली. गोठ्यात कारभारी आणि लाल्या राहिले.

आज खांदमळणी होती. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो तूप-हळदीने मळायचा, आणि त्याच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे कारभारी कळायला लागल्यापासून करत आले होते. लाल्या बैल होता तेव्हा त्यांची बायको गोजरबाई हयात होती, ती वाटी धरायची आणि तूप फार घालता म्हणून कुरकुरायची. बैल गेल्यावर ते ट्रॅक्टरच्या बॉनेटला पाच बोटं लावायचे आणि हात धुवायचे. पण यंदा बॉनेट भिंतीला टेकलेलं होतं. लाल्या पहिल्यांदाच त्यांच्यापुढे उघडा उभा होता.

ट्रॅक्टरचा खांदा कुठे असतो? कारभारी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांना वाटलं, जिथे जोड आहे तिथेच भार येत असणार. तिथेच तर इतकी वर्षं तो झिजला.

रज्जाकने हात लावू नका म्हटलं होतं. पण ते इतर कामांबद्दल असणार. देवाच्या कामाला हात लावू नका असं कुणी म्हणत नाही.

त्यांनी घरातून तुपाचं भांडं आणलं. कोकिळेची पाठ होती. वाटीत हळद कालवली आणि कापलेल्या अंगठ्याने सुरुवात केली. हेडच्या जोडावरून, टॅपेट कव्हरच्या काठावरून, बाजूच्या पत्र्यावरून, हलक्या हाताने, मागेपुढे. इंजिन अजून कोमट होतं, बैलाच्या अंगासारखं. तूप आपोआप पसरत होतं. शेवटी ते रेडिएटरपाशी वाकले आणि हलक्या आवाजात आवतण दिलं. नंतर मागच्या पोळ्याची आठवण होऊन म्हणाले, “उद्या लाज राख बाप्पा.”

सकाळी रज्जाक आला आणि दारातच थांबला.

“अबे गजेंद्रभाऊ! हे काय?”

सगळ्या जोडांवर पिवळट पांढरा ओला लगदा होता. पावडर कुठेच नव्हती. काही ठिकाणी थेंब लोंबत होते. रज्जाकने बोटावर लगदा घेतला, नाकाशी नेला. नाक बंद होतं. त्याने तो बोटांवर चोळून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“ऑइल आन् पानी एक झालं. असाच लगदा होते. हेड पॅकिंग फुटलं.”

“रातभर उभाच तं होता!” गजेंद्र म्हणाला. त्याच्या बोटांना गेल्या कितीतरी दिवसांपासून डिझेलखेरीज कशाचाच वास येत नव्हता.

“उभ्या उभ्याच फुटलं मंग. खोला.”

कारभारी खाटेवर बसले होते. नवं धोतर, डोक्याला फेटा, हातात कासरा. ते उठले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमके त्याच वेळी दारातून गुलाबराव आत आले. खांद्यावर साखळी होती.

“काका, सहज आलो,” गुलाबराव म्हणाले. “म्हटलं, लागली तं असावी जवळ. मागच्या सालचीच हाय, मजबूत.” आणि गोठ्याकडे पाहून, “अरे बाप्पा! गळलं वाटते?”

कारभारींनी तोंड मिटलं आणि ते पुन्हा खाली बसले.

रज्जाक टॅपेट कव्हर उचकटत होता. कालच बसवलेलं, सोल्यूशन ओलं असताना आवळलेलं. पॅकिंग अर्धं कव्हरला चिकटून आलं, अर्धं हेडवर राहिलं. मधून फाटलं. गजेंद्र पाहत राहिला. त्याने हाताची सोललेली बोटं धोतराला पुसावीत तशी शर्टाला पुसली.

“आता हेड,” रज्जाक म्हणाला आणि मधल्या नटाला पाना लावला.

“याचं दुसरं पॅकिंग?” गजेंद्रने विचारलं.

“चिखलीले. पन आज पोया, दुकान बंद.”

गुलाबराव हळहळले. “ऱ्हाऊ द्या मंग. कायले आज सनाच्या दिवशी. मी सांगतो पारावर, काकानं खुशीनं दिला मान.”

कोकिळा पुरणाच्या हाताने दारात येऊन उभी होती. तिने लाल्याकडे पाहिलं, मग सासऱ्याच्या हातांकडे. कासरा धरलेल्या बोटांची नखं पिवळी होती. तिला सकाळपासून सापडत नसलेलं तुपाचं भांडं आठवलं. कारभारींनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

रज्जाकने पान्यावर जोर घातला. नट करकरला.

“थांब बे!” कारभारी ओरडले.

सगळे थांबले.

“थो पॅकिंगचा नाई. माहा हात हाय.”

“म्हंजे?”

“तूप हाय थे.” त्यांचा आवाज खाली खाली जात होता. “काल खांदमळणी होती. म्या मळला त्याले. तूप आन् हयद. ते तुही पावडर मिसळली असंन त्यात.”

रज्जाकने बोट पुन्हा नाकाशी नेलं, मग हताश होऊन जिभेला लावलं. थोडा वेळ चव घेतली.

“म्हशीचं हाय,” तो म्हणाला.

गुलाबरावांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग खोकला आवरेना. साखळी ओट्यावर ठेवून, “ऱ्हाऊ द्या इथं, लागली तं,” म्हणून ते निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत ते कसेबसे खोकले. वळणाच्या पलीकडून सरळ हसण्याचाच आवाज आला. कारभारी तो ऐकत बसले. फेट्याचा शेव त्यांच्या कानावर आला होता, तो त्यांनी नीट केला नाही.

“हेड तं वाचलं,” रज्जाक शेवटी म्हणाला. “पन हे कव्हर बिनपॅकिंगचं लावलं तं तेलाचं कारंजं उडीन. जाड कागद हाय का घरात? चकचकीत, पुठ्ठ्यासारखा?”

कोकिळा आत गेली आणि दोन पत्रिका घेऊन आली. ‘भव्य पोळा महोत्सव’. आयोजक गुलाबराव. फोटोत अनुपमाबाई एका कोपऱ्यात, गुलाबराव मधोमध. गावात घरटी एक वाटली होती; या घरात, भावकी म्हणून, दोन आल्या होत्या.

“कागद भारी हाय,” रज्जाक म्हणाला. “पैसा टाकला माणसानं.”

त्याने पत्रिका उलगडून कव्हरच्या काठावर ठेवल्या आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने टकटक करत गेला. लोखंडाच्या धारेवर कागद कापला जात होता. मधला भाग गळून पडला, त्याबरोबर गुलाबरावही हात जोडून सांडलेल्या तेलात पडले. काठाच्या पट्टीत उरलं ते फक्त ‘आपला विनम्र’. रज्जाकने दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या, मध्ये सोल्यूशन फासलं आणि कव्हर आवळलं.

“किती टिकन?” गजेंद्रने विचारलं.

“पारापर्यंत तं टिकन. वापसीचं मी कुठी म्हटलं?”

बेगड लावलेलं बॉनेट चढवलं. हेडलाइटवर बाशिंग, स्टिअरिंगला घुंगरमाळ. तूप पुसायला वेळ नव्हता. साखळी ओट्यावरच राहिली.

कारभारी पुढे चालले. त्यांच्या हातात कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक लाल्याच्या बंपरला. गजेंद्र सीटवर, पहिल्या गिअरमध्ये. रज्जाक पान्यासह बाजूने. मागच्या वर्षी साखळी तारेसारखी ताणली होती, ती गावाने पाहिली होती. म्हणून कारभारी कासऱ्याला झोळ राहील इतकं सांभाळून चालत होते. लाल्या जरा जवळ आला की पाय उचलायचे, लांब राहिला की थांबायचे. गुडघ्यांना ते आवडत नव्हतं.

शाळेपर्यंत इंजिन चांगलं तापलं आणि तूप कढायला लागलं. बॉनेटच्या फटींतून पिवळा धूर निघाला. साऱ्या गल्लीला खमंग वास सुटला. दोन कुत्री मागे लागली. ओट्यावरच्या बायका बाहेर आल्या.

“गजेंद्र, इंजिनात पुरन शिजत घातलं का बे?”

“काका, सांजचे जेवाले तुमच्याकडंच येतो!”

हसणं दोन्ही बाजूंनी मिरवणुकीबरोबर चाललं. तुपाची कथा गुलाबरावांच्या पायांनी आधीच पारावर पोहोचली होती. कारभारी मान वर करत नव्हते. ते फक्त कासऱ्याचा झोळ पाहत होते. शाळा आली. मागच्या वर्षीची जागा आली. लाल्या खोकला. गजेंद्रने रेस वाढवली. रज्जाक शिंकला. शाळा मागे गेली.

पारापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पलीकडे गुलाबरावांची खिल्लार जोडी मोठ्या आवाजाला बुजून पाय रोवून उभी होती. दोघे तिला ओढत होते आणि दोघे ढकलत होते. कारभारी तोरणाखालून गेले. रिवाज असा की मानकऱ्याने वळावं, मारुतीला हात जोडावेत आणि तोरणाची दोरी हाताने तोडावी. ते वळले. हात वर केला.

पण तोरण दरवर्षीसारखं बैलाच्या मापाने बांधलं होतं. लाल्याचा नवा उभा सायलेन्सर दोरीत अडकला, दोरी ताणली, चरचरली आणि तुटली. आंब्याची पानं बॉनेटवर पडून करपू लागली.

पोळा फुटला. पोरं ओरडली, बैलं पांगली, हर हर महादेव झालं. मान कारभारींचा धरायचा की सायलेन्सरचा, यावर पारावर थोडी चर्चा झाली. मग कुणीतरी बोट दाखवलं. कासरा कारभारी आणि लाल्याच्या मध्ये सैल पडून जमिनीला टेकला होता.

“आपल्या पायानं आला,” म्हातारा जानराव म्हणाला. “काकाचाच हाय.”

“मी कुठी नाई म्हनतो?” गुलाबराव म्हणाले आणि बैलांकडे गेले.

पारावरची मंडळी सरकली. कारभारी चपला काढून वर आले आणि आपल्या जुन्या जागी बसले. कुणीतरी पान लावायला घेतलं. खाली गजेंद्र ओरडला, “बाबा, चला! बंद पडलं तं पुन्हा चालू होईन याची गॅरंटी नाई!”

पान लावून व्हायच्या आत कारभारी उठले.

दारात कोकिळा तांब्या घेऊन उभी होती. तिने लाल्याच्या चारही चाकांवर पाणी घातलं, हेडलाइटला कुंकू लावलं, बॉनेटवर पुरणाची पोळी ठेवली. पोळीवर तूप नव्हतं. ते आधीच पोहोचलं होतं. रज्जाक ओट्यावर साखळीशेजारी बसून जेवला आणि पुरण थोडं मागून घेतलं.

गजेंद्र जेवायला बसला तो ताटावरच डुलक्या घ्यायला लागला.

दिवेलागण झाली. कोकिळेने तुळशीपुढे दिवा लावला आणि त्याच पावली घमेलं उचलून गोठ्यात गेली. कारभारी तिथेच खाटेवर आडवे होते, फेटा उशाला घेऊन.

“आज नोको ठेवू थे,” ते म्हणाले.

कोकिळा घमेलं हातात घेऊन उभी राहिली. लाल्या गार होताना मधूनच टिक टिक करत होता. मग अंधारात, खाली, कुठेतरी टप्प असा आवाज झाला.

थोड्या वेळाने पुन्हा झाला.

“तूप असंन,” कारभारी म्हणाले.

“हाव मामाजी. तूपच असंन,” कोकिळा म्हणाली, आणि वाकून तिने घमेलं त्याच्या रोजच्या जागी, चेंबरच्या जोडाखाली, आवाज न करता सरकवलं.